दुधी : आधी चाखावा, मग रांधावा

पुण्यातील मुकुंदनगर, बिबवेवाडी किंवा सॅलिसबरी पार्क या भागांत उन्हाळ्याच्या अखेरीस फेरफटका मारला, तर जुन्या बंगल्यांच्या कुंपणांवर आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर दुधीच्या वेली चढलेल्या दिसतात. जैन गृहिणीच्या स्वयंपाकघरात या भाजीला फार जुना मान आहे. ती कंदमुळांत मोडत नाही. तिला कांदा-लसणाची गरज भासत नाही. चिरताच आतले सारे स्वच्छ दिसते. फुलकोबीप्रमाणे सूक्ष्म जीवांना दडून राहण्यास तिच्यात कोपरे नसतात. उपवासाच्या पारण्याला, आजाऱ्याला, लहान मुलाला आणि वृद्धाला ती सारखीच मानवते. शंभर ग्रॅम दुधीत सुमारे पंच्याण्णव ग्रॅम पाणीच असते, म्हणून ती पोटाला जड होत नाही.

बाजारातला दुधी हिशेबाने येतो. घरचा दुधी मात्र एकदम येतो. वेलीने एकदा मनावर घेतले, की आठवड्यात चार-पाच फळे हाती पडतात आणि तिसऱ्या दिवशी घरातील मुले विचारतात, "आज पुन्हा दुधीच का?" आपण लावलेले, आपण पाणी घातलेले फळ वाया जाऊ नये, ही भावना मग घरातील कर्त्या स्त्रीला स्वस्थ बसू देत नाही. जेवल्यानंतर थाळी धुऊन ते पाणी पिण्याची ज्या घराची रीत आहे, तेथे अन्न टाकणे हा दोषच मानला जातो. ही रीत थोर आहे. दुधीच्या बाबतीत मात्र तिला एकच अपवाद आहे, आणि तो अपवाद ठाऊक नसणे जिवावर बेतू शकते. दुधी सालीपासून बीपर्यंत कसा वापरावा आणि कोणत्या वेळी त्याचा एक कणही वापरू नये, या दोन्ही गोष्टी एकत्रच समजून घ्यावयास हव्यात.

पेरणीचे पंचांग

महाराष्ट्रात दुधीची लागवड प्रामुख्याने दोन हंगामांत होते : जानेवारी-फेब्रुवारीत आणि जून-जुलैत. पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांनी फळे मिळू लागतात. पावसाळी पेरणी सोपी असते, कारण पाण्याची चिंता नसते. परंतु जून-जुलैत लावलेली वेल फळते ती श्रावण-भाद्रपदात, म्हणजे ऐन चातुर्मासात, पर्युषणाच्या आणि दशलक्षण पर्वाच्या दिवसांत. याच काळात पुष्कळ घरांत हिरव्या भाज्यांचा त्याग असतो. इतर वेळीही अष्टमी-चतुर्दशीला तो पाळला जातो. वेलीवर फळे लोंबतात आणि स्वयंपाकघरात मूग, चणे, पापड शिजत असतात.

म्हणून जे कुटुंब ही पर्वे पाळते, त्याने माघ महिन्याच्या सुमारास बी लावणे अधिक सोयीचे. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत फळे मिळतात आणि आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी वेलीचे काम बहुतेक आटोपते. पावसाळ्यातही वेल ठेवलीच, तर तिची फळे शेजारी, कामावर येणाऱ्या मावशींना आणि इमारतीच्या राखणदाराला देण्यात संकोच नसावा. त्यागाच्या दिवसांत हातून घडलेले दान दुहेरी फलदायी होते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'सम्राट' किंवा बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा 'अर्का बहार' हे वाण घरगुती बागेसही चालतात. बी रात्रभर भिजवून एक इंच खोल पेरावे. कुंडी किमान दीड फूट खोल आणि तितकीच रुंद असावी. तळाशी सुका पालापाचोळा, वर शेणखत व माती भरावी. वेल चढविण्यास काथ्याचा मांडव पुरतो.

दुधीला नरफुले आणि मादीफुले निराळी येतात. मादीफुलाच्या मागे बोटाएवढे इवले फळ असते, नरफुलामागे नुसता देठ. पांढरी फुले सायंकाळी उमलतात आणि रात्री उडणारे पतंग त्यांचे परागीभवन करतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून ज्या घराची चूल शांत होते, त्या घरच्या गच्चीवर त्याच सुमारास दुधीचे फूल डोळे उघडते. उंच इमारतींवर पतंग क्वचितच पोहोचतात, म्हणून इवली फळे पिवळी पडून गळतात. अशा वेळी मऊ कुंचल्याने नरफुलातील पराग मादीफुलावर टेकवावा. त्यासाठी फूल तोडण्याचीही आवश्यकता नाही.

दुसरे संकट फळमाशीचे. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते आणि फळ आतून सडते. औषध फवारण्यापेक्षा फळ धरताच त्यावर कागदी किंवा पातळ कापडी पिशवी सैलसर बांधावी. माशी आत येतच नाही. त्यामुळे तिला मारण्याचा आणि फळ चिरताना अळ्या सापडण्याचा, असे दोन्ही प्रसंग टळतात. अहिंसा ही पुष्कळदा अशी आधीच केलेल्या व्यवस्थेत असते.

अंगावर बारीक लव असलेला आणि नख सहज रुतणारा दुधी कोवळा समजावा. तो त्याच अवस्थेत काढावा. वेलीवर जून फळे राहू दिल्यास नवी फळे धरण्याचे प्रमाण घटते.

सालीपासून बीपर्यंत

रोजच्या जेवणात दुधीची चणाडाळ घालून केलेली भाजी सर्वांत विश्वासाची. अर्धा किलो दुधीस पाऊण वाटी चणाडाळ तासभर भिजवावी. मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी करून डाळ व फोडी शिजवाव्यात. आमसूल, गूळ, गोडा मसाला आणि ओले खोबरे घालावे. कांद्याविना तयार केलेला गोडा मसाला मुद्दाम निवडावा. ओले आले वर्ज्य असल्यास चिमूटभर सुंठ पुरते.

किसलेल्या दुधीचे मुठिये हा सायंकाळच्या लवकर जेवणाचा उत्तम पदार्थ. दोन वाट्या कीस, एक वाटी जाडसर गव्हाचे पीठ, अर्धी वाटी बेसन, तीळ, हळद, तिखट, मीठ आणि थोडे तेल एकत्र करावे. किसाला सुटणारे पाणीच पीठ भिजवण्यास बहुधा पुरते. लांबट मुटके करून वीस मिनिटे वाफवावेत आणि कापून तीळ-मोहरीच्या फोडणीत परतावेत. पुष्कळ ठिकाणी या पिठात दही घालतात. बेसन हे द्विदल असल्याने कच्चे दही त्यात चालत नाही. आंबटपणासाठी लिंबू किंवा आमचूर वापरावे. हाच विवेक दुधीच्या कोशिंबिरीत बाळगावा. वाफवलेला दुधी दह्यात घालताना फोडणी जिऱ्याची करावी, उडदाच्या डाळीची नव्हे.

हलव्यास एक किलो कीस, एक लिटर दूध, दोनशे ग्रॅम साखर आणि तीन मोठे चमचे तूप हे प्रमाण पुरते. कीस पिळून आधी तुपात परतावा, मग दूध घालून आटवावा. साखर शेवटी घालावी. पिळून निघालेले पाणी ओतून देऊ नये. त्यात ठेपल्याचे किंवा थालीपिठाचे पीठ भिजवावे.

घरच्या दुधीवर फवारणी झालेली नसल्याने त्याची सालही निर्धास्तपणे वापरता येते. साल बारीक चिरून दोन चमचे तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतावी. भाजलेले तीळ, सुके खोबरे, सुकी मिरची आणि मीठ घालून ओबडधोबड कुटावी. अशी चटणी थोडीच करावी आणि ताजी असताना संपवावी. कोवळ्या दुधीचा बियांसह गाभाही भाजीत मुरतो. बिया टणक झाल्या असतील तरच काढाव्यात.

दुधीच्या भावंडांनाही हाच न्याय लागू पडतो. दोडक्याची मूगडाळ घालून भाजी होते आणि त्याच्या शिरांची चटणी. घोसाळ्याची भजी पावसाळ्यात रंगतात, आणि वेलीवर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी अंग घासावयास उपयोगी पडते. पडवळ चणाडाळीबरोबर जुळते. लाल भोपळ्याच्या किसात गूळ शिजवून, त्यात मावेल तितके गव्हाचे पीठ मळून घारगे करतात. कोहळ्याचा कीस उडदाच्या वाटलेल्या डाळीत मिसळून वैशाखाच्या उन्हात सांडगे घालण्याची महाराष्ट्राची परंपराच आहे. पावसाळी हवेत अशा वाळवणांवर बुरशी धरण्याचा संभव असल्याने अनेक जैन घरांत ती चातुर्मासापूर्वीच संपवली जातात.

नागश्रीने लपविलेली भाजी

आता त्या एका अपवादाकडे वळावयास हवे. श्वेतांबर आगमांतील सहावे अंग म्हणजे 'ज्ञाताधर्मकथा'. त्याच्या सोळाव्या अध्ययनात चंपानगरीतील नागश्रीची कथा येते. तीन ब्राह्मण बंधूंच्या एकत्र कुटुंबात एके दिवशी रांधण्याची पाळी नागश्रीची होती. तिने तुंब्याची भाजी पुष्कळ मसाले आणि भरपूर तेल घालून केली. तळहातावर थेंबभर घेऊन चाखली, तेव्हा ती विषासारखी कडू निघाली. इतके तेल-मसाले व्यर्थ गेल्याचे तिला वाईट वाटले. जावांना कळले तर त्या हसतील, या भयाने तिने ती भाजी लपवून ठेवली आणि गोड तुंब्याची दुसरी भाजी करून घरच्यांना वाढली.

त्यानंतर मासक्षमणाच्या पारण्यासाठी धर्मरुची अणगार भिक्षेस आले. टाकून देण्यास अनायासे स्थान मिळाले, असे समजून नागश्रीने ती सारी कडू भाजी त्यांच्या पात्रात घातली. गुरू धर्मघोषांनी थेंबभर चाखून ती विषारी असल्याचे ओळखले आणि निर्जीव जागी नेऊन तिचे विसर्जन करण्यास सांगितले. धर्मरुचींनी जमिनीवर एकच थेंब टाकला. वासाने मुंग्या धावून आल्या आणि त्या थेंबाने मृत्युमुखी पडल्या. एका थेंबाने इतके जीव जातात, तर साऱ्या भाजीने किती जातील, या विचाराने धर्मरुचींनी ती भाजी स्वतःच ग्रहण केली आणि समाधिपूर्वक देह ठेवला.

प्रवचनांत या कथेतील मुनींच्या करुणेचे वर्णन नेहमी ऐकावयास मिळते, आणि ते योग्यच आहे. पण गृहस्थाने नागश्रीकडेही बारकाईने पाहावे. तिला अज्ञानाचा दोष देता येत नाही. तिने भाजी चाखली होती. ती कडू आहे हे तिला ठाऊक होते. तिला सोसवला नाही तो खर्च, आणि सोसवले नसते ते हसू. बुडालेली रक्कम बुडाली म्हणून खात्यातून काढून टाकण्याचे धैर्य ज्याला होत नाही, तो ती लपवतो; आणि लपविलेले नुकसान अखेर दुसऱ्याच्या माथी जाते. स्वयंपाकघराचा हिशेबही याहून निराळा नाही.

कडूपणाचे शास्त्र

या कथेतील कडू तुंब्याला आधुनिक विज्ञानही दुजोरा देते. भोपळावर्गीय वनस्पतींत 'कुकुर्बिटासिन' नावाची अत्यंत कडू द्रव्ये असतात. रानटी वेलींना ती प्राण्यांपासून संरक्षण देतात. शेकडो पिढ्यांच्या निवडीतून माणसाने खाण्याच्या वाणांतील त्यांचे प्रमाण नगण्य केले. तरी एखाद्या वेलीत, किंवा चांगल्या वेलीच्याही एखाद्या फळात, ती पुन्हा वाढू शकतात. पाण्याचा ताण, तीव्र उष्णता आणि फळ फार जून होणे ही त्याची काही कारणे मानली जातात. म्हणजे चातुर्मास टाळण्यासाठी जी उन्हाळी पेरणी सोयीची ठरते, तीच याबाबतीत अधिक सावधगिरी मागते. चैत्र-वैशाखात वेलीला पाण्याचा खंड पडू देऊ नये, आणि गावाला जाताना पाण्याची जबाबदारी कोणावर तरी सोपवावी.

ही द्रव्ये शिजवल्याने नष्ट होत नाहीत. गूळ, दूध किंवा मसाला घातल्याने कडूपणा झाकला जाईल. विष तसेच राहील. असा दुधी पोटात गेल्यास थोड्याच वेळात पोटदुखी, उलट्या व जुलाब सुरू होतात. गंभीर प्रसंगी रक्ताची उलटी होते आणि रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो. यावर नेमका उतारा नाही. लक्षणांप्रमाणे तातडीचे उपचार हाच मार्ग आहे.

सर्वाधिक धोका रसाचा. भाजीचा कडू घास माणूस थुंकून टाकतो. रस मात्र औषध म्हणून डोळे मिटून, एका दमात पितो. "कडू आहे म्हणजे गुणकारी असणार," ही समजूत येथे घातक ठरते. दुधीच्या रसाने झालेल्या विषबाधांचा विचार करण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा, तो कडू असल्यास संपूर्ण दुधी टाकून द्यावा, दुधीचा रस अन्य रसात मिसळू नये आणि रस घेतल्यानंतर अस्वस्थ वाटल्यास त्वरित रुग्णालय गाठावे, असे या समितीने सुचविले. कारल्याच्या रसात मिसळलेल्या दुधीचा कडूपणा कोणाला कळणार? २०१८ च्या जूनमध्ये खुद्द पुण्यात दुधीच्या रसाच्या सेवनानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. सकाळी फिरून आल्यावर पेलाभर रस घेणाऱ्या ज्येष्ठांनी हे विसरू नये.

चकतीची परीक्षा

परीक्षा साधी आहे. प्रत्येक दुधीच्या देठाकडील आणि टोकाकडील अशा दोन पातळ चकत्या कापाव्यात. त्यांचा कण जिभेवर टेकवून पाहावा आणि गिळू नये. गोडसर किंवा बेचव लागला तर निश्चिंतपणे रांधावा. कडू लागला तर थुंकून चूळ भरावी आणि ते फळ बाजूला काढावे. ही परीक्षा लहान मुलांकडून करवून घेऊ नये. एका वेलीची दहा फळे गोड निघाली म्हणून अकरावे चाखायचे सोडू नये. नियम दोडका, काकडी आणि पडवळ यांनाही तोच. कारल्याचा कडूपणा मात्र निराळा आणि स्वाभाविक असतो.

कडू फळाचे पुढे काय करावे, याचे उत्तर धर्मरुचींच्या त्या एका थेंबात आहे. ते गाईपुढे टाकू नये, उघड्यावर फेकू नये, कामावर येणाऱ्या बाईंना तर मुळीच देऊ नये. न चिरता खताच्या खड्ड्यात खोल पुरावे आणि वर माती लोटावी. वेलीची फळे वारंवार कडू निघू लागली तर ती वेलच काढावी आणि तिचे बी पुढच्या वर्षासाठी कदापि ठेवू नये. घरचे बी राखणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे : जवळपास शोभेचे किंवा कडू तुंबे लावलेले असतील, तर संकर होऊन पुढच्या पिढीत कडूपणा उतरू शकतो. अशा ठिकाणी दरवर्षी खात्रीचे बी विकत घेणेच श्रेयस्कर.

कडू आणि जून भोपळा निरुपयोगी असतो, असे मात्र नव्हे. मिरजेच्या ज्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचा नाद पंढरपूर परिसरात पिकणाऱ्या, न खाण्याच्या मोठ्या भोपळ्यांतून उमटतो. आचारांगसूत्रात मुनींच्या पात्रांसाठी लाकूड आणि मातीबरोबर तुंब्याचाही उल्लेख आहे. 'ज्ञाताधर्मकथे'च्याच सहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतम गणधरांना तुंब्याचा दृष्टान्त देतात. सुका, अखंड तुंबा गवताने वेढून त्यावर मातीचे आठ लेप दिले, तर तो पाण्याच्या तळाशी जातो. एकेक लेप विरघळत गेला, की तो आपोआप वर येऊन तरंगू लागतो. आठ कर्मांनी जड झालेला आत्मा तसाच तळाशी जातो आणि ती गळून पडताच ऊर्ध्वगामी होतो.

प्रत्येक वस्तूला तिचे योग्य स्थान देणे, हाच या साऱ्याचा गृहस्थासाठी अर्थ. गोड दुधीचे स्थान थाळीत आहे. त्याची सालही टाकू नये. कडू दुधीचे स्थान मातीत आहे. त्याची फोडही राखू नये. थाळी धुऊन पिणाऱ्या घरातील सुनेने एखाद्या दिवशी अख्खा दुधी मातीआड केला, तर सासूबाईंनी तिला अन्न वाया घालवल्याचा बोल लावू नये. जावांनीही हसू नये. नागश्रीच्या घरात एवढे एक अभय असते, तर ती भाजी कदाचित लपविली गेली नसती.